दोघांच्या सहीनेच

३ जून

प्रिय वहिनी,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही पाकीट न उघडताच टोपलीत टाकाल अशी धास्ती आहे, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. दादाला अर्धांगवायूचा झटका आला. फोन खूप केले, पण तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवलाय. म्हणून हा कागद.

गेल्या महिन्यात, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या. दादा गिऱ्हाइकाचा कोट हँगरला लावत होता. कोट खाली पडला म्हणून मी ओरडले, "अरे, आत्ताच इस्त्री केलाय तो!" आणि वळून बघते तर कोटाच्या शेजारी दादाच पडलेला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. तोंडातून आवाज येतो, पण त्याचा शब्द होत नाही. समजतं मात्र सगळं. तेच जास्त वाईट आहे.

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत त्याला ठेवलंय. एका बाजूला बॉयलर, डोक्यावर वाळत घातलेल्या चादरी. गावाबाहेर एक पुनर्वसन केंद्र आहे, तिथे रोज बोलायचा आणि चालायचा व्यायाम करून घेतात. डॉक्टर म्हणतात, पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते येईल, नंतर फारसं काही होत नाही. तिथली अनामत रक्कम माझ्या आवाक्याबाहेर आहे.

तुमच्या वडिलांचं दुकान विकलं तेव्हा तुम्ही दोघांनी ती वार्षिकी घेतली होती ना, म्हातारपणी दरमहा पैसे यावेत म्हणून? मी कंपनीत जाऊन विचारलं. मुदतीआधी पैसे काढता येतात म्हणाले, पण दोघांच्या सहीनेच. दादाचा अंगठा चालेल. तुमची सही तेवढी हवी. फॉर्म सोबत आहे, जिथे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे.

तुमच्या दोघांत काय झालं त्यात मी कधी पडले नाही, आताही पडत नाही. माणुसकीच्या नात्याने मागते आहे.

तुमची नणंद

११ जून

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरंच वाटलं की नाही, ते अजून माझं मलाच कळलेलं नाही.

सही करायला मला कितीसा वेळ लागणार? पण मी अर्धं आयुष्य कर सल्लागाराच्या ऑफिसात घालवलंय, डोळे मिटून सही करणं आता जमत नाही. तुम्हाला समजेल असं सांगते.

वार्षिकीवर नावं दोन आहेत, पण पहिलं माझं. त्या वेळी तुमच्या बंधूंच्या चष्म्याच्या दुकानावर करखात्याची नोटीस होती, म्हणून त्यांनीच मला पुढे केलं. "तू हो पुढे, मी आहे ना मागे," म्हणाले. आता हे पैसे काढायचे तर आधी बाहेर पडतं ते व्याज, मुद्दल सगळ्यात शेवटी. आणि पैसे कुणाच्याही खात्यात जावोत, व्याज सगळं पहिल्या नावाचं उत्पन्न धरतात. म्हणजे उपचार त्यांचे, खातं त्यांचं, आणि कर माझ्या डोक्यावर. शिवाय पहिल्या नावाचा माणूस साठीच्या आतला असेल तर वर दहा टक्के दंड. मी अजून साठीची झालेली नाही. होईन आता.

थोडं थांबलात तर दंड वाचेल, आणि तो काही थोडाथोडका नाही. तुमच्याच भल्याचं सांगते. फॉर्म मी नीट ठेवलाय.

बॉयलरच्या खोलीला खिडकी आहे का? वाफेने त्यांचा जीव घुसमटतो. इथे असताना आंघोळीलासुद्धा दाराला फट ठेवून बसायचे.

वहिनी

१९ जून

प्रिय वहिनी,

खिडकी नाही. दार उघडं ठेवते, पण मग रस्त्यावरची माणसं आत डोकावतात आणि दादा तोंड फिरवतो.

तुमचं करांचं पत्र दोनदा वाचलं. एवढं समजलं की आत्ता पैसे काढले तर कर जास्त बसेल. बसू दे! कर आम्ही भरू, दंडही भरू. मी गिऱ्हाइकांकडे आगाऊ मागेन, कुणी नाही म्हणणार नाही. माणूस आडवा पडलेला असताना दहा टक्के काय धरून बसायचे, वहिनी?

त्याची कूस बदलताना माझ्या कमरेचा काटा ढिला होतो. पाणी पाजलं की निम्मं उजव्या ओठातून गळतं. परवा दुकानात इस्त्री करणारी पोरगी त्याला बघून हसली. मुद्दाम नाही, घाबरून हसली. तरी मी तिला दिवसभर घालून पाडून बोलत होते.

थांबायचं म्हणता, पण किती? तुमचा वाढदिवस कधी असतो? मला लाज वाटते, पण खरंच आठवत नाही.

तुमची नणंद

२८ जून

प्रिय वन्सं,

तुम्ही कर भराल हे वाचून बरं वाटलं. पण खात्याला तुम्ही कोण हे माहीत नाही, ते मला ओळखतात. तुम्ही मला पैसे देणार, मग ते कुठून आले हे मी दाखवणार. आणि वार्षिकीतूनच जास्तीचे काढून कर भरू म्हणालात, तर त्या जास्तीच्यावर पुन्हा कर बसतो. आमच्याकडे एक निवृत्त हेडमास्तर असंच करत राहिले. कर भरायला पैसे काढायचे, मग त्या पैशांवरचा कर भरायला आणखी काढायचे. शेवटी ऑफिसच्या बाकावर बसून ते साहेबांना म्हणाले, "मला एवढंच सांगा, माझं काही उरलंय का?" साहेबांनी त्यांना चहा पाजला. त्याची पावती फाडली नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

वाढदिवस म्हणाल तर तुमच्या बंधूंना विचारा. एकतीस वर्षं एका छताखाली होतो. बोलता येत नसेल तर बोटांनी दाखवतील. डावा हात चालतो ना? तारीख बरोबर आली की पुढचं बघू.

वहिनी

१० जुलै

प्रिय वहिनी,

विचारलं. तुम्हाला सांगते, जिवाचं पाणी पाणी झालं. मी म्हटलं, "दादा, वहिनींची तारीख. वहिनींची, कळलं?" मग डावा पंजा उघडायचा, मिटायचा, उघडायचा. मी मोजत गेले. तेवीस. मग महिना दाखवला, सप्टेंबर. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच दाखवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

म्हणजे सप्टेंबरात तुम्ही साठीच्या होणार! आठवलं बघा त्याला. एवढं सगळं डोक्यातून गेलं, पण तुमची तारीख राहिली. मला तर रडूच आलं.

पण सप्टेंबर लांब आहे. केंद्रातल्या बाई म्हणतात, जागा फार तर महिनाअखेरपर्यंत धरून ठेवू. त्यांच्याकडे दादासारखाच एक ट्रकवाला आला होता, आता पोरांवर खेकसण्याइतका सुधारलाय म्हणे. तुम्ही तेवढी कृपा करा.

तुमची पत्रं मी त्याला वाचून दाखवते, अगदी पहिल्यापासून. कराचं मला नीट वाचता येत नाही, पण तो कान देऊन ऐकतो. दाराच्या फटीचं वाचलं तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

तुमची नणंद

२० जुलै

वन्सं,

माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो.

तेवीस सप्टेंबरला मी दवाखान्यातून घरी आले होते. त्या दिवसाचं बाकीचं त्यांना विचारा. बोटं आहेत.

पत्रं वाचून दाखवता हे आधी सांगायला हवं होतं. मी जास्त मन लावून लिहिली असती.

वहिनी

२४ ऑगस्ट

वहिनी,

केंद्रातली जागा दुसऱ्याला गेली. ते आता राहू दे. मी वेगळंच सांगायला बसले आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला कराची कामं करणारा एक माणूस बसतो. त्याचे शर्ट आमच्याकडे असतात. शनिवारी शर्ट पोचवायला गेले तेव्हा दादाच्या पिशवीतली वार्षिकीची कागदपत्रं बरोबर नेली. म्हटलं, जाणकाराला विचारून तर बघू. त्याने पहिलंच पान वाचलं आणि म्हणाला, "बाई, दंड कसला? दोघांपैकी कुणीही कायमचं अधू झालं तर दहा टक्के माफ असतात. वयाचा प्रश्नच येत नाही. डॉक्टरचा दाखला जोडा आणि घ्या पैसे." मी म्हटलं, माझी वहिनी याच धंद्यात आहे, ती तर थांबा म्हणते. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. म्हणाला, "मग त्यांना हे माहीत नाही असं होणारच नाही."

शर्ट तसेच हातात धरून मी घरी आले. पुन्हा जाऊन द्यावे लागले.

तुम्हाला ठाऊक होतं? जूनपासून?

आणि त्या तेवीस तारखेचं मी दादाला विचारलं. तो नुसता हुंदके देतो. सहा वर्षांपूर्वी माझ्या दारात बॅग घेऊन उभा राहिला तेव्हा म्हणाला होता, "तिला एकटं राहायचंय. तिनेच जा म्हटलं." मी इतकी वर्षं तेच धरून चालले. तुमचं ऑपरेशन झालंय हे मला चार महिन्यांनी, दुसऱ्या कुणाकडून कळलं. तेव्हा मनात म्हटलं, आजारपणात नवऱ्याला हाकलणारी कसली ही बाई!

खरं काय ते सांगा आणि सही करून फॉर्म पाठवा. अजून वेळ आहे.

नणंद

१ सप्टेंबर

वन्सं,

हो, ठाऊक होतं. तुमचं पहिलं पत्र वाचतानाच ठाऊक होतं. अशी सूट मिळवून देण्याचे अर्ज मीच टाइप करते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझी छातीची एक बाजू काढली, डावी. ऑपरेशननंतर तुमचे बंधू दोन दिवस आले, दाराशी उभे राहून गेले. घरी सोडायच्या दिवशी फिरकलेच नाहीत. एका हातात कपड्यांची पिशवी आणि काखेतून निघालेली नळी सांभाळत मी टॅक्सीने आले. कपाट उघडलं तर त्यांचे कप्पे रिकामे. टेबलावर चिठ्ठी होती, "दूधवाल्याचं बिल दिलं आहे." बाकी काही नाही. चष्म्याच्या दुकानात फोन लावला. दुकान बंद करून तुमच्याकडे यायच्या आधी ते काही दिवस तिथेच झोपत होते. ते म्हणाले, "मला ते पाहवत नाही." मी म्हटलं, अहो, मी अजून दाखवलंय कुठे? त्यांनी फोन ठेवला.

आता पुढचं त्यांना वाचून दाखवा. एक शब्द गाळू नका.

अहो, ऐकताय ना? तुमच्या बहिणीला वाटतं मी दहा टक्क्यांसाठी अडून बसले. डॉक्टरांनी सहा महिने सांगितलेत, ते सरावेत म्हणून मी बसले आहे. मला हात डोक्यापर्यंत न्यायला पुढचा उन्हाळा उजाडला. तोवर खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई येऊन माझे केस विंचरायची. ती रोज विचारायची, साहेब कुठे असतात? मी सांगायची, फिरतीवर. तुम्ही तिकडे मला घर मोडणारी ठरवत होतात आणि मी इकडे तुमची अब्रू झाकत होते. आता तुमच्याजवळ एवढं सगळं सांगण्यासारखं आहे आणि शब्द नाही. तसेच पडून राहा. चादरी मोजा. मला पुढे करून तुम्ही मागे थांबणार होतात, आता थांबा.

वन्सं, तुमच्याशी माझं वाकडं नाही. तुमचे हाल होतायत ते दिसतंय. पण त्यांचे हाल तुमच्याशिवाय होऊ शकत नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

वहिनी

१७ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते.

परवा मला साठ वर्षं पूर्ण झाली. ऑफिसात केक कापला, साहेबांनी भाषण केलं. सोबत फॉर्म, सही करून. तुमच्या पेन्सिलीच्या फुलीवरच केली आहे. त्यांचा अंगठा घेऊन कंपनीत द्या, पैसे त्यांच्या खात्यात येतील. ते खातं चालवायचा अधिकार तुमच्याकडे आहेच. पूर्ण रक्कम काढते आहे, मला त्यातलं काही नको. दंडाचा प्रश्न उरलेला नाही. व्याजावरचा कर माझ्या नावावर येईल, तो मी भरेन. दोन वर्षांत विभागून काढले असते तर कमी बसला असता, पण हे प्रकरण पुढच्या वर्षात न्यायची इच्छा नाही.

आता न्या त्यांना केंद्रात.

वहिनी

१० जानेवारी

वहिनी,

पैसे आले. दादाला घेऊन केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला आरशासमोर बसवलं, ओठ हलवून दाखवायला सांगितलं, हात उचलून सोडला, तो धपकन पडला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उन्हाळ्यात का नाही आणलंत? आता स्वच्छ ठेवा, खाऊपिऊ घाला. तुमचे पैसे मी कशाला घेऊ?" भली बाई. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर घेतले असते.

मग त्या पैशांचं मी काय केलं ते ऐका. मध्यंतरी त्याच्यासाठी ठेवलेल्या बाईचा थकलेला पगार दिला, औषधवाल्याची उधारी दिली, त्याला चाकांची खुर्ची घेतली. उरलं त्यात दुकानाला नवं इस्त्रीचं मशीन घेतलं. चोर म्हणायचं तर म्हणा. कर तुम्ही भरणार आहात, त्याबद्दल आभारी आहे.

तुमचं सप्टेंबरचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. मधेच त्याने कानावर डावा हात ठेवला, तो मी काढला. आधी तुमचा राग आला होता. पण मग रोज त्याचं तोंड पुसताना मनात यायला लागलं, या माणसाने माझ्याच घरात बसून, माझंच खाऊन, सहा वर्षं मला बनवलं. तुम्हाला मी किती ठिकाणी काय काय बोलले! आता ते शब्द कुठे जाऊन परत घेऊ?

माझ्याच्याने आता होत नाही. होत नाही म्हणजे करावंसं वाटत नाही, खरं तेच लिहिते. उद्या सकाळी त्याला टॅक्सीत बसवून देते आहे. टॅक्सीवाला ओळखीचा आहे. बरोबर खुर्ची, औषधं, चार शर्ट. हे पत्र त्याच्या खिशात असेल. तो बोलणार नाही, म्हणून मला लिहावं लागलं.

पहिलं नाव तुमचं आहे, वहिनी. सांभाळा.

नणंद

१९ जानेवारी

वन्सं,

चारच्या सुमाराला टॅक्सी आली. मी गॅलरीतूनच ओरडले, "परत न्या!" टॅक्सीवाला खालून म्हणाला, "बाई, मला एकाच बाजूचं भाडं मिळालंय." समोर राहणारा सुतार आणि तो, दोघांनी मिळून खुर्चीसकट त्यांना वर आणलं आणि हॉलच्या मधोमध ठेवून दोघेही पळाले. जाताना सुतार म्हणाला, "साहेब फिरतीवरून आले वाटतं." त्या शिवणवाल्या बाईने सगळ्या इमारतीला सांगितलं असणार.

काय काय बोलायचं ते मी सहा वर्षं घोकून ठेवलं होतं. तोंड उघडलं तर त्यांच्या शर्टाची बटणं एक घर चुकलेली दिसली. ती सगळी काढून पुन्हा लावली. मग मी कशाला लावली म्हणून अंगाचा तिळपापड झाला आणि बोलायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली. दुपारी चांगलं ऊन होतं, पडदे सरकवले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ब्लाउज काढला. "बघा," म्हटलं. त्यांनी मान वळवली. मी खुर्ची वळवली. त्यांनी पुन्हा मान दुसरीकडे नेली, मी पुन्हा खुर्ची फिरवली. बरं झालं तुम्ही चाकांची घेतलीत. असं हॉलभर फिरलो आम्ही. शेवटी ते दमले आणि त्यांनी बघितलं. मग तो डावा हात उचलून पुढे केला. मी मागे सरकले. हात तसाच वर धरून होते. मी ब्लाउज घातला आणि स्वयंपाकघरात गेले.

तुमच्या मशीनला चोरी म्हणत नाही. चांगलं चालो.

आता कामाचं. कराची मागणी आली आहे, माझ्या अंदाजापेक्षा जास्त. पण एक सवलत आहे. जोडीदार कायमचा अधू आणि आपल्यावर अवलंबून असेल, तर करात बरीच सूट मिळते. त्यासाठी डॉक्टरांच्या दाखल्याची मूळ प्रत लागते, ती तुमच्याकडेच असणार. रजिस्टरने पाठवा, झेरॉक्स चालत नाही. दुसरी अट अशी की अर्ज केल्यापासून जोडीदार पूर्ण वर्षभर करदात्याच्याच घरात राहिलेला हवा. मधे कुठे ठेवला तर नाही, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत माणूस गेला तर सूटही गेली.

तेव्हा वर्षभर तरी मी त्यांना काही होऊ देणार नाही. दिवसा त्यांच्याजवळ बसायला शिवणवाल्या बाईला ठरवलं आहे. रात्रीचं मी बघते. पाणी डाव्या बाजूने, चमच्याने पाजलं की गळत नाही, तुम्ही भांड्याने पाजत होतात.

सवलतीसाठी दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो. तो मी करेन.

वहिनी